आपोआप येणारी तारीख

रेल्वेतल्या नथू गँगमनची मेघा दिवसातून किती वेळा भिंतीला पाठ टेकून उभी राहायची, हे तिला स्वतःलाही सांगता आलं नसतं. आंघोळ झाल्यावर, शहापूरला निघताना, शहापूरहून आल्यावर, आंब्याच्या फांदीला लोंबकळून झाल्यावर, आणि मधेच कधी जिवाला चैन पडेना म्हणून. भिंतीवर सरकारी दवाखान्यातून मागून आणलेली कागदी उंचीपट्टी डकवली होती. मेघा टाचा भिंतीला लावून ताठ उभी राहायची आणि ओरडायची, "आये, पाटी!"

मग तिची आई, गोजाबाई, हातातलं काम टाकून यायची. मेघा चौथीत असतानाची दगडी पाटी ती लेकीच्या डोक्यावर आडवी धरायची, पाटीची कड भिंतीला भिडवायची आणि तिथे नखाने खूण करायची. मेघा गर्रकन वळून आकडा वाचायची. तो वाचून तिचं तोंड कधी उजळायचं, पण बहुतेक वेळा उतरायचं.

घोडं अडलं होतं अर्ध्या सेंटिमीटरपाशी. पोलीस भरतीत मुलींना एकशे पंचावन्न सेंटिमीटर उंची लागत होती, आणि मेघा कधी एकशे चोपन्न पॉइंट पाच भरायची, कधी नुसतीच एकशे चोपन्न; पंचावन्न भरायची ती चुकूनमाकून. बाकी कशात ती उणी नव्हती. पळण्यात तर त्यांच्या उंबरमाळीपासून शहापूरपर्यंत तिला जोड नव्हती. पायाला भिंगरी लावूनच जन्माला आली होती ती. पण भरतीत आधी उंची मोजतात आणि मग पळवतात. उंचीत गेलेल्या मुलीला तू पळतेस कशी, असं कोणी विचारत नाही. मूर्ती लहान पण कीर्ती महान, ही म्हण पोलीस खात्यापर्यंत पोचलेली नाही.

आणि हे सगळं एकदाच होणार होतं. मुरबाडच्या लहानीमावशीने मेघासाठी स्थळ आणलं होतं. मुलगा रत्नदीप, एमआयडीसीत कंपनीत कामाला, निर्व्यसनी, घरचे लोक चांगले. नाव ठेवायला कुठे जागा नव्हती आणि तेच मेघाला जड जात होतं. नथूने लेकीला समोर बसवून सांगितलं होतं, "या भरतीत झालीस तं झालीस. मी कुनाला बोलू देनार नाय. पन नाय झालीस, तं बुद्धपौर्णिमा झाली का मुरबाडला लगीन. परत मंग पुडच्या वरसाची गोठ काढायची नाय."

नथू फार बोलणारा माणूस नव्हता. बोलला की मात्र रुळासारखा सरळ बोलायचा. मेघाने मान डोलावली आणि त्याच दिवशी आंब्याच्या फांदीला लोंबकळायला सुरुवात केली.

हे २००६ सालचं. मेघा तेव्हा बावीस वर्षांची होती आणि शहापूरच्या बाजारात, चपलांच्या दुकानाच्या माडीवर चालणाऱ्या हरेश सरांच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायला होती. आधी तिथेच शिकली, मग सरांनी तिला तिथेच ठेवून घेतलं. सर म्हणायचे, "ही मुलगी खुर्चीत बसत नाही, पण पोरांच्या चुका बरोबर पकडते." खुर्चीत ती खरंच बसत नसे. उभ्याउभ्याच वाकून टायपायची आणि टायपता टायपता एक पाय हलवत राहायची.

तिथेच तिने एक्सेलमध्ये आपली फाइल काढली. एका रकान्यात तारीख, दुसऱ्यात उंची. घरी भिंतीवर आकडा वाचला की ती बॉलपेनने तळहातावर लिहायची, आणि क्लासमध्ये गेल्यावर तळहातावरून फाइलीत. मग नळाखाली हात धुवायचा. तळहातावर एक, दोन, कधी चार आकडे असायचे. एकशे चोपन्न पॉइंट एक, चोपन्न पॉइंट सहा, चोपन्न पॉइंट तीन. पोरं यायच्या आत हे काम उरकायचं असायचं, कारण पोरांनी पाहिलं की विचारणार, मॅडम हे काय.

उंची टायपायला तिला काही वाटत नसे, पण रोज रोज तारीख टायपायचा तिला मनस्वी कंटाळा. मग सरांनी कधीतरी शिकवलेला 'टुडे'चा फॉर्म्युला तिला आठवला. तो चौकटीत टाकला की मशीन आपण होऊन आजची तारीख लिहितं. मेघाने तो पहिल्या चौकटीत टाकला, माउसने कोपरा धरला आणि खाली दोनशे ओळींपर्यंत ओढत नेला. झालं! आता तारखेची कटकट नाही. उंची टाकायची की निघायचं.

रकाना अरुंद होता आणि तारीख वारासकट लांबलचक. ती चौकटीत मावेना म्हणून मशीनने तारखेच्या जागी नुसती आडव्या-उभ्या रेघांची जाळी दाखवली. हे मेघाला ठाऊक होतं, पोरांना ती स्वतःच सांगायची, "घाबरू नका, जागा कमी पडली की असं दिसतं, आत सगळं ठीक असतं." जाळीमागे तारखा नीट बसल्या आहेत, लागतील तेव्हा रकाना ओढून रुंद करू, असं म्हणून तिने ते तसंच सोडलं. दुसऱ्याला शिकवलेलं माणूस स्वतः तपासून पाहत नाही. साडेतीन महिन्यांत एकशे साठ ओळी भरल्या, आणि एकदाही तिने तो रकाना उघडून पाहिला नाही.

भरतीचं पत्र आलं. नऊ दिवस उरले.

नऊ दिवस म्हटल्यावर मेघाचा जीव थाऱ्यावर राहीना. जेवता जेवता उठायची, पाणी प्यायला म्हणून जायची आणि पाणी न पिताच परत यायची. लोंबकळून उंची वाढली की नाही? वाढत असेल तर कधीपासून, किती? दोनशे वेळा लोंबकळून तळहातांना घट्टे पडले होते, त्याचं काही झालं की नाही? याचं उत्तर फाइलीत होतं. दुसऱ्या दिवशी ती क्लास उघडायच्या आधी जाऊन उभी राहिली. हरेश सरांनी कुलूप काढताच पहिल्या मशीनवर गेली, फाइल उघडली, आणि आलेख काढायला लावला. आडवी तारीख, उभी उंची.

पडद्यावर आलेख आला. एकशे साठ ठिपके एकाच उभ्या रेषेत, एकावर एक रचलेले. डावीकडे काही नाही, उजवीकडे काही नाही.

मेघाने रकाना ओढून रुंद केला. जाळी गेली, तारखा दिसल्या. पहिल्या ओळीत आजची तारीख. दुसऱ्या ओळीतही आजची. ती खाली खाली जात राहिली. दिवाळीनंतरच्या थंडीत काढलेलं माप, संक्रांतीचं माप, तापाने फणफणलेली असताना काढलेलं माप, सगळ्यांच्या शेजारी आजची तारीख, आजचा वार. न भरलेल्या चाळीस ओळींनासुद्धा आजचीच.

"सर," ती म्हणाली. तिने पडद्याकडे बोट केलं.

हरेश सर चष्मा पुसत आले, पाहिलं, आणि हसणार होते. तिच्या तोंडाकडे पाहून हसले नाहीत. "अगं, टुडे म्हणजे आज. फाइल ज्या दिवशी उघडशील तो आज. आपोआप आलेली तारीख आपोआपच जाते, मेघा. ती जागेवर राहायला हवी असेल तर कंट्रोल दाबून सेमीकोलन दाबायचं, मग ती बसली ती बसली." त्यांनी एका रिकाम्या चौकटीत करून दाखवलं. अगदी दोन बोटांचं काम होतं.

"आधीच्या परत येतील?"

"नाही. त्या कधी नव्हत्याच."

त्या दिवशी तिने पोरांना काय शिकवलं ते पोरांनाच ठाऊक. दुपारी काळ्या-पिवळ्या जीपमध्ये दोघींच्या मधे चेपून बसली असताना तिच्या मनात एकच घोळत होतं. साडेतीन महिने आपण मोजलं, लिहिलं, जपलं, आणि हातात आलं काय, तर एकशे साठ आकडे, ज्यांना मागचं-पुढचं काही नाही. त्यातून आणखी एक गोष्ट तिच्या ध्यानात आली आणि ती जास्तच खट्टू झाली. तारीख जागेवर राहिली असती तरी ती टायपल्याची तारीख असती. ती भिंतीला कधी उभी राहिली हे त्या मशीनला कुठे माहीत होतं?

घरी येऊन ती भिंतीशी गेली नाही. गोजाबाईने दोनदा पाहिलं, मग आपण होऊन पाटी घेऊन आली. "काय गो, आज नाय मापायचं?"

"नको. काय उपेग नाय त्याचा." आणि मेघा घरात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत फेऱ्या मारत आईला सगळं सांगू लागली. गोजाबाईला एक्सेल कळलं नाही, टुडे कळलं नाही, पण पोरीचं काहीतरी मोलाचं हरवलं आहे एवढं कळलं. आणि हरवलेली वस्तू शोधायची तर ती शेवटची कुठे पाहिली होती ते आठवायचं, एवढं तिला आयुष्याने शिकवलं होतं.

"सगली नको सांगू. चांगली चांगली सांग," ती म्हणाली. "एकशे पंचावन्न कवा कवा झालीस?"

मेघाने खिशातून कागद काढला. छापून आणला होता. "पाच वेळा. पण कधी झाले तेच तर—"

"पाच ना? थांब." गोजाबाई चुलीपाशी बसली आणि बोटांवर मोजू लागली. "पयल्या टायमाला तू वरडलीस, आये एकशे पंचावन्न, नि मी पाटी धरून ऱ्हायले, नि हिकडं चुलीवरचं दूध उतू गेलं. बरोबर? मंग एकदा तू मला मिठी मारलीस, तवा तोंड बी धुतलं नव्हतंस, मी म्हनलं, व्हय तिकडं. एकदा तुजा बाबा रातपालीवरना आला, भाईर कडी वाजवतोय नि मी आत तुज्या डोक्यावर पाटी धरून हुबी. तो किती तापला व्हता! मंग त्या थंडीत, तू गोधडी आंगाभवती तशीच धरून भितीला लागलीस. नि एकदा…" ती थांबली. "एकदा कोंबडी अंड्यावर व्हती, तिला मी सोडायला चालले व्हते. ती पाचवी."

मेघा फेऱ्या मारता मारता थबकली. दूध, न धुतलेलं तोंड, रातपाळी, गोधडी, कोंबडी.

"सगळ्या सकाळच्या," ती म्हणाली.

"व्हय मं! त्या पाच टायमाला तू उठल्या उठल्या भितीला लागलीस. येरवी आंघोल झाल्याबिगर कुटं लागतेस?"

"पण सकाळीच का?" मेघा म्हणाली. "उंची म्हणजे उंची. सकाळी एक आणि संध्याकाळी एक असं कसं असेल? पाटी वाकडी धरली असशील."

हे ऐकून गोजाबाई रागावणार, तेवढ्यात ओट्यावरून नथूचा आवाज आला. तो बूट काढत होता, आणि आतलं सगळं ऐकत होता.

"रूळ बी रूळच आसतो," तो म्हणाला. "सायडिंगला सकालचं जा, दोन रुलांच्या सांध्यात बोट जाईल येवडी फट. दुपारी जा, तं पत्रा शिरायचा नाय. रूळ तोच, माप दुसरं. म्हनून मुकादम फट लिवायच्या आदी टाइम लिवतो. टाइम नसलेलं माप दिलं ना, तं सायब वही तोंडावर मारतो. माप म्हंजे निस्ता आकडा नसतो, मेघे. कवा घेतलं, ते आदी."

"पण रूळ तर तापून वाढतो. मी काय तापून कमी होते?"

"ते मला काय ठावं? दिसभर हुबी ऱ्हायतेस, नाचतेस, दबत आसशील. रातभर पडलीस का परत सरल व्हत आसशील." त्याने बूट भिंतीशी ठेवले. "मापून बघ ना. हातच्या कांकनाला आरसा कशाला?"

गोजाबाईने मात्र बाजूला ठेवलेली पाटी उचलली. मग ती अर्धवट स्वतःशीच म्हणाली, "मंग आमी जल्मभर डोईवर वझी वाह्यली. आमी किती व्हतो नि किती झालो आसू!" आणि पाटी घेऊन ती आत गेली. मेघाने आईकडे कधी त्या नजरेने पाहिलं नव्हतं. त्या दिवशी पाहिलं, आणि तिला कसंसंच झालं.

पुढचे सात दिवस मेघाने त्या फाइलीला हात लावला नाही. एका वहीत पेनने आधी तारीख, मग घड्याळात पाहून वेळ, आणि मग उंची लिहिली. उठल्या उठल्या एकशे पंचावन्न पॉइंट दोन. आंघोळ करून आल्यावर चोपन्न पॉइंट नऊ. तासाभराने चोपन्न पॉइंट सात. दुपारी, जीपमधून उतरून चालत आल्यावर, चोपन्न पॉइंट चार, आणि दिवे लागायच्या वेळी चोपन्न पॉइंट एक. सात दिवस, सातही दिवस तेच. म्हणजे लोंबकळण्याने काडीचा फरक पडला नव्हता. ती साडेतीन महिन्यांपूर्वीही सकाळी एकशे पंचावन्न होती आणि संध्याकाळी नव्हती. रोज ती पोलीस होत होती आणि रोज आंघोळीच्या आत तिची नोकरी जात होती.

हे कळल्याने तिला धीर यायला हवा होता, पण उलटंच झालं. भरतीत कुठल्या वेळी मोजतील? पहाटे पाचला हजर राहा, असं पत्रात होतं. गाडीत आडवं पडून गेलं आणि पाचला मोजलं तर कदाचित पास, आणि दहाला मोजलं तर मुरबाड. मधे फक्त रांग. मेघाला आता रात्री झोपही लागेना, आणि झोप नाही म्हणजे पाठ सरळ नाही, या काळजीने तर मुळीच लागेना.

भरतीच्या दिवशी बापलेक पहिल्या गाडीने ठाण्याला पोचले. नथूला फाटकाबाहेर थांबवलं. आत हजारेक मुली होत्या. मेघाच्या छातीवर जो नंबर लागला तो सातशे अडतीस.

सातशे अडतीस! रांग सुरू झाली तेव्हा उजाडलं, आठ वाजले तेव्हा रांगेत दोनशेसुद्धा झाले नव्हते. मेघा एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होती. मग तिने लाज सोडली, ओढणी पसरली आणि मैदानाच्या मातीत सरळ पाठीवर आडवी झाली. पुढच्या-मागच्या मुली हसल्या. एकीने चक्कर आली का विचारलं. एक महिला शिपाई आली आणि म्हणाली, "ए सातशे अडतीस, झोपायला आलीस का? ऊठ, रांगेत उभी राहा." मेघा उठली. दहा वाजले, अकरा वाजले. उन्हात उभं राहून आपण कुठून कुठून दबतो आहोत हे तिला मणक्या-मणक्यात जाणवत होतं. जाणवत नसेलही, पण तिला तसं वाटत होतं.

साडेबारा वाजता तिचा नंबर आला. फळीला पाठ लावली, डोक्यावर दांडी आली. शिपायाने वाकून आकडा पाहिला आणि मोठ्याने सांगितला, "एकशे चोपन्न पॉइंट चार. पुढची."

वहीतलाच आकडा. दुपारचा. मेघाला त्या क्षणीही वही बरोबर आल्याचं जरासं बरं वाटलं. मग ती फळीवरून उतरली.

फळीच्या पलीकडे टेबल होतं, तिथे एक जाडजूड लेखनिक बसले होते. नापास झालेल्या मुलींपैकी कुणाला माप मान्य नसेल तर ती तिथे फेरमोजणी मागू शकत होती. मेघाच्या पुढची मुलगी डोळे पुसत उभी होती.

"फेरमोजणी आज पाच वाजता, नाहीतर उद्या सकाळी सहाला," लेखनिक तिला म्हणाले. "बोल, कधीची लिहू?"

"आजची," ती मुलगी घाईने म्हणाली. मेघा मागून कुजबुजली, "उद्याची घे गो, सकाळची घे." त्या मुलीने वळून असं पाहिलं की जणू हिने तिच्या ताटातला घास मागितला. वडील गावाहून आले आहेत, राहायला जागा नाही, एकदाचं काय ते आजच होऊ दे, असं तिच्या तोंडावरच लिहिलेलं होतं. ती पाचची वेळ घेऊन गेली. तिचं पुढे काय झालं ते मेघाला कधी कळलं नाही.

"हं, तू बोल."

आता मेघाच्या जिभेवरही 'आज'च होतं. 'आत्ता' होतं. आयुष्यात कुठलीच गोष्ट तिने उद्यावर टाकली नव्हती. उद्यापर्यंत थांबायचं म्हणजे तिच्या जिवावर यायचं. आणखी अठरा तास या धाकधुकीत काढायचे, बाबाला बाहेर जाऊन सांगायचं, कुठे राहायचं, काय खायचं! तिने एकदा त्या फळीकडे पाहिलं.

"उद्या," ती म्हणाली. "सकाळी सहाची."

लेखनिकांनी पेन थांबवलं आणि चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "का? उद्यापर्यंत तू वाढणार आहेस?"

"हो सर," मेघा म्हणाली. "थोडी."

ते खो खो हसले. पण त्यांनी सहाची वेळ लिहिली.

बाहेर नथूने सगळं ऐकून घेतलं. शिव्या दिल्या नाहीत, उसासा टाकला नाही. फक्त विचारलं, "सकाली उठलीस का मंग चालायचं नाय ना?"

"नाही. आंघोळसुद्धा नको. उठलं की पंधरा-वीस मिनिटांच्या आत मोजायला हवं."

नथू समोरच्या पीसीओत गेला आणि मुरबाडला फोन लावला. लहानीमावशीचा नवरा देवराम रोज आपल्या टेम्पोत मुरबाडची भेंडी-काकडी भरून ठाण्याच्या भाजी मार्केटला आणायचा. मावशीने स्थळ आणलं होतं, आणि आता त्या स्थळातून सुटायला मावशीच्याच घरचा टेम्पो हवा होता. नथूने हे लपवलं नाही, सरळ सांगितलं. मग देवरामने विचारलं, "मंजी तिला आडवी करून आनायची का? भेंडीवानी?"

"व्हय. भेंडीवानीच."

"बरं. माल खाली केला का येतो."

मैदानाजवळच्या एका दुकानाच्या छपराखाली मेघा दुपारभर पाठीवर पडून राहिली. पाय हलवायची इच्छा झाली की नथू नुसता खाकरायचा. रात्री मार्केटहून मोकळा झालेला टेम्पो त्याच दुकानापाशी मुक्कामाला आला. देवरामने हौद्यात रिकामी पोती पसरली आणि त्यांवर ताडपत्री अंथरली. भाजीचा ओला वास होता. मेघा ताडपत्रीवर सरळ झोपली, हात अंगाशी, टाचा जुळवून. डोळे मिटले की उंची आठवायची, उघडले की आकाश. तिला वाटलं होतं की आपण वेड्यासारखी तळमळणार. तळमळली, पण तिने अंग हलू दिलं नाही. जन्मात पहिल्यांदा तिने काही मिळवण्यासाठी पळणं सोडून पडून राहणं केलं होतं, आणि ते पळण्यापेक्षा कितीतरी अवघड होतं. कधीतरी तिचा डोळा लागला.

तिला जाग आली ती नथूच्या आवाजाने. "मेघे. पावनेसहा. अजून उटू नको."

तिने पडल्यापडल्याच तोंडावर हात फिरवला. देवरामने टेम्पो सुरू केला आणि बैलगाडीच्या चालीने, एक एक खड्डा चुकवत, फाटकासमोर आणून लावला. सहाला पाच कमी असताना नथूने तिला दोन्ही हातांनी धरून, जड पिशवी उचलावी तशी, हौद्यातून खाली ठेवली. फाटकापासून फळीपर्यंत बावन्न पावलं होती. मेघाने ती मोजली, आणि प्रत्येक पाऊल असं टाकलं की जणू खाली अंडी पसरली आहेत.

फेरमोजणीला अकरा मुली होत्या. मेघाचा नंबर तिसरा.

फळीला पाठ लागली. टाचा, मांड्या, खांदे, डोकं. वरून दांडी आली आणि केसांवर टेकली. शिपायाने आकडा पाहिला, मान तिरकी करून पुन्हा पाहिला, मग तिला खाली उतरवून परत उभं केलं आणि तिसऱ्यांदा पाहिला. टेबलामागे कालचेच लेखनिक होते. त्यांनी पेन थांबवून शिपायाच्या तोंडाकडे पाहिलं.

शिपायाने आकडा सांगितला. लेखनिकांनी तो अर्जावर लिहिला आणि अर्ज मेघापुढे सरकवला. "सही कर. खाली तारीख आणि वेळ टाक."

मेघाने पेन घेतलं. टेबलावरच्या घड्याळात पाहिलं, तारीख लिहिली, वेळ लिहिली, सही केली. अक्षर वाकडं आलं. पण शाई वाळेपर्यंत ती त्या तारखेला बोट न लावता तिच्याकडे पाहत राहिली. ही तारीख आता कुणी अर्ज उद्या उघडला तरी बदलणार नव्हती.

ती बाहेर आली. नथू फाटकाशी उभा होता, हातात टोपी. त्याने आकडा विचारला नाही.

"कवा मापलं?" त्याने विचारलं.

"सहा वाजून नऊ मिनिटांनी."

नथूने मान डोलावली. "मंग झालं," तो म्हणाला आणि तोंड फिरवून टोपीने डोळे पुसू लागला.

देवराम टेम्पोपाशी उभा होता. त्याला तिच्या तोंडावरूनच कळलं. "पलायचं कवा हाय?" त्याने विचारलं.

"परवा," मेघा म्हणाली. "त्याची काळजी नको, काका."

"आन तुज्या मावशीला मी काय सांगू? ती माज्या डोक्यावर मिऱ्या वाटल."

"सांगा, मीच येऊन सांगते."

त्याने हौद्यातली ताडपत्री झटकली आणि नीट पसरली. "चल, पड परत. शापूरपतुर नेऊन सोडतो."

मेघा हौद्यात चढली, पण पडली नाही. बसलीही नाही. पुढचा लोखंडी दांडा दोन्ही हातांनी धरला आणि उभी राहिली. टेम्पो हायवेला लागला, वारा तोंडावर आला, खड्ड्याखड्ड्याला टाचा आपटू लागल्या, आणि ती हसत राहिली. आता एक सेंटिमीटर गेला काय आणि दोन गेले काय. नथूने केबिनमधून दोनदा ओरडून सांगितलं, बस खाली, पडशील. मेघा शहापूरपर्यंत उभ्यानेच आली.